घरी ठेवलेली मुले

‘मुलीला शाळेत घातलेली नाही, घरीच ठेवली आहे.’ मुरबाड तालुक्यात मी सदतीस वर्षे प्राथमिक शिक्षक होतो, आणि त्या सदतीस वर्षांत एखादे वाक्य मी सर्वांत जास्त वेळा ऐकले असेल तर ते हे. पट भरावा म्हणून जून महिन्यात आम्ही वाड्यापाड्यांवरून हिंडत असू. पावसाची झड लागलेली, पायांना चिखल, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही. पडवीत बसलेला बाप हे वाक्य अगदी शांतपणे उच्चारी, आणि त्यातल्या ‘घरीच’ या शब्दाचा अर्थ आम्हाला समोरच उभा दिसे. सहासात वर्षांची पोर धाकटे भावंड कडेवर घेऊन आमच्याकडे बघत असे. घरी ठेवलेली मुलगी म्हणजे पोर सांभाळणारी, शेण गोळा करणारी, आवणीच्या दिवसांत भाकऱ्या घेऊन शेतावर जाणारी मुलगी.

गेल्या वर्षी हेच वाक्य माझ्या भाचीच्या तोंडून ऐकले. ती आणि तिचा नवरा दोघेही चांगले शिकलेले. डोंबिवलीचे बिऱ्हाड मोडून त्यांनी शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या बाजूला, थोडी जमीन घेतली आणि तेथेच राहावयाचे ठरविले. मुलगी सहा वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. ‘मामा, मुलांना शाळेत घातलेले नाही, घरीच ठेवली आहेत,’ ती म्हणाली. शब्द तेच होते, पण पडवीतल्या त्या बापाला आपण काही निर्णय घेतला आहे असे वाटतही नव्हते. हिने मात्र सहा महिने रात्री जागून तो घेतला होता.

एकच वाक्य इतक्या परस्परविरुद्ध गोष्टींना कसे लागू पडते, या विचाराने मला तेव्हापासून घेरले आहे. ती मजकडे आली होती ती निराळ्याच कामासाठी. मुलांना वाचायला-लिहायला शिकविण्यासाठी कोणता अभ्यासक्रम घ्यावा, हे तिला विचारावयाचे होते. कायद्याची शंका तिच्या नवऱ्याला होती, तिला नव्हती. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलाला जवळच्या शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य म्हटले आहे, पण ते न करणाऱ्या पालकाला शिक्षा सांगितलेली नाही. आणि पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची परीक्षा देता येते. तेव्हा तो प्रश्न आम्ही चहाबरोबरच संपविला. पुस्तकांचा प्रश्न मात्र संध्याकाळपर्यंत पुरला.

तिने पिशव्या रिकाम्या केल्या. एक अमेरिकेहून मागविलेला संच होता. त्याच्या किमतीत आमच्या शाळेच्या पहिलीच्या सगळ्या वर्गाला पाट्या आल्या असत्या. त्यातल्या चित्रांत बर्फ होते, लाल सफरचंदे होती आणि शेकोटीपुढे बसलेले गुटगुटीत मांजर होते. एक लाकडी अक्षरांचा डबा होता. नीतिकथांची एक माला होती, तिच्यात वाईट मुलगा दुसऱ्या पानावर पडे आणि तिसऱ्या पानावर सुधारे. जुन्या घाटाची अंकलिपी होती, आणि सर्वांच्या खाली, जणू लाजून बसलेले, बालभारतीचे पहिलीचे पुस्तक होते. ‘यांतले कोणते?’ तिने विचारले.

शिक्षकाचा धंदा केलेल्या माणसाला असा प्रश्न म्हणजे मेजवानीच. मी तिला प्रथम वाचणे म्हणजे काय होते ते सांगत बसलो. वाचकांपैकी ज्यांनी कधी लहान मुलाला वाचायला शिकविले असेल त्यांना हे ठाऊक आहे. पण बहुतेकांना आपण स्वतः कसे शिकलो ते आठवत नाही, म्हणून थोडे सांगतो. आपण मुलाला ‘घ’ शिकवतो, ‘र’ शिकवतो, आणि मग दोन्ही शेजारी लिहून म्हणतो, वाच. मूल म्हणते, ‘घ... र...’ आणि थांबते. त्याला घर ऐकू येत नाही. त्याने अक्षरे बरोबर ओळखली, पण आपण ‘घर’ म्हणताना शेवटच्या ‘र’मधला अ गिळून टाकतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. मूल दुसऱ्यांदा म्हणते, तिसऱ्यांदा म्हणते, आणि एकदम त्याचा चेहरा बदलतो: ‘घर!’ तो क्षण मी शेकडो वेळा पाहिला आहे आणि त्याचा मला कधी कंटाळा आला नाही. पुढे पहिली वेलांटी येते. ती लिहावयाची अक्षराच्या आधी आणि उच्चारावयाची अक्षराच्या नंतर. मोठ्यांना यात काही वावगे दिसत नाही. पण डावीकडून उजवीकडे वाचावे हे नुकतेच शिकलेले मूल ‘किती’ या शब्दापुढे गोंधळून जाते. आणि ‘र’ची गोष्ट तर बहुरूप्याची आहे. ‘सूर्य’ शब्दात तो डोक्यावर बसतो, ‘प्रकाश’ शब्दात पायाशी जातो, ‘ट्रक’मध्ये पायांखाली दोन काठ्या लावतो, आणि ‘वाऱ्यावर’ म्हणताना आणखी एक सोंग घेतो.

हे सगळे मुलाने सोसावयाचे ते कशासाठी? त्याला लगेच काहीतरी वाचावयास मिळावे म्हणून. वर्णमाला ही थोर रचना आहे. कंठापासून ओठांपर्यंत ध्वनी ओळीने मांडणाऱ्यांना मी हात जोडतो. पण ती शिकलेल्या माणसाची मांडणी आहे. मुलाला अ पासून ज्ञ पर्यंत न्यावयाचे म्हणजे पहिला शब्द वाचण्याआधी त्याला ‘ऐ’ आणि ‘ञ’ यांच्या दारांवरून फिरवावयाचे. त्याऐवजी चारपाच अक्षरे आणि एकदोन मात्रा घेऊन त्यांचेच खरे शब्द वाचावयास द्यावेत, ही पद्धत फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी मराठीत नेटाने रुजविली. त्या जन्माने अमेरिकन, पण मराठी मूल कोठे अडते हे त्यांना आपल्यापैकी पुष्कळांहून अधिक समजले. त्याही आधी, १९४५ साली, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला बालशिक्षणाचे काम मांडले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. तो भाग तेव्हा आमच्याच ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेला. माँटेसोरीबाईंची परदेशी साधने त्यांनी बाजूला ठेवली आणि बिया, पाने, शंखशिंपले घेतले. मुले गुरांमागे जातात म्हणून शाळा कुरणात नेली. घर आणि शाळा यांपैकी कोणते चांगले, असा वाद त्यांनी घातला नाही. मूल जेथे असेल तेथे अक्षर न्यावयाचे, एवढेच त्यांनी पाहिले.

तेव्हा मी भाचीला म्हणालो, ‘तुझ्या मुलीला सफरचंद आणि बर्फ नको. तिच्या अंगणात मोह आहे, पळस आहे, विहीर आहे, तेथून सुरुवात कर. बालभारतीचे पुस्तक घे, स्वस्त आहे आणि वाटते त्याहून पुष्कळ चांगले आहे. बाकीचे पैसे गोष्टींच्या पुस्तकांना ठेव.’ यावर तिचे समाधान झाले असते तर हा लेख येथेच संपला असता.

तिने वही पुढे केली. मुलीने आपण होऊन लिहिलेले पहिले वाक्य त्यात होते: ‘विहिरीत पानी आहे.’ ‘हे दुरुस्त करू की नको?’ भाचीने विचारले. प्रश्न साधा नव्हता. आमच्या दोन्ही तालुक्यांत कितीतरी घरांत ‘पानी’च म्हणतात. मुलगी ते शेजारच्या वाडीवरच्या मुलांकडून शिकली होती, आणि जे ऐकले ते तिने बिनचूक उतरविले होते. कानाशी ती प्रामाणिक होती. तिला चुकली म्हणावयाचे, तर ज्यांच्याकडून तिने ऐकले त्या सगळ्या घरांना चुकलेले म्हणावयाचे. मला ‘शुद्धलेखन’ हा शब्दच कधी मनापासून आवडला नाही. शुद्ध म्हटले की अशुद्ध आले; आणि कोण शुद्ध व कोण अशुद्ध हे ठरविण्यात या देशाने आधीच फार आयुष्ये नासली आहेत.

शिवाय हे शुद्धपण तरी किती स्थिर? माझे वडील पत्रात ‘घरांत’ आणि ‘असें’ लिहीत. त्या टिंबांवर त्यांचा फार जीव होता. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाने चौदा नियम केले, १९७२ साली त्यांत आणखी चार घातले, आणि न उच्चारली जाणारी ती सारी टिंबे निघून गेली. वडिलांचे लेखन एका रात्रीत जुने झाले. ते अशुद्ध झाले असे कोण म्हणेल?

आणि तरीही मी भाचीला म्हणालो, दुरुस्त कर. आज नको, वाक्य लिहिल्याचा आनंद जुना होऊ दे, मग कर. कारण ‘पानी’ लिहिलेले तिच्या आईला समजेल, वाडीला समजेल. परंतु लिहावयाचे ते काही केवळ आपल्या माणसांसाठी नसते. समोर जो आहे त्याच्याशी आपण बोलतो. ज्याला आपण कधी पाहणार नाही, जो चंद्रपूरला किंवा बेळगावला बसला आहे, ज्याची बोली निराळी आहे, त्याच्यासाठी लिहावे लागते. ‘मूल’ दीर्घ आणि ‘मुलाला’ ऱ्हस्व, ‘वीट’ दीर्घ आणि ‘विटा’ ऱ्हस्व, हे सगळे त्या अनोळखी माणसाचा शिष्टाचार म्हणून शिकावयाचे. घरी आपण कसेही बसतो, पाहुणा आला की जरा सावरून बसतो. त्यात घरचे बसणे चुकीचे असते असे नव्हे.

हे बोलता बोलता माझ्याच ध्यानात आले की आमचा खरा प्रश्न पुस्तकांचा नव्हताच. भाचीलाही ते जाणवले असावे, कारण ती एकदम म्हणाली, ‘मामा, बाहेरचे इतके घाणेरडे तिच्या डोळ्यांपुढे येते. तिने काय वाचावे ते निदान काही वर्षे तरी मी ठरवावे, एवढ्यासाठीच मी तिला घरी ठेवली आहे.’

मला तिचे म्हणणे खोटे वाटले नाही. हातात फोन असलेल्या आजच्या मुलाला पाहून ज्या आईला भीती वाटत नाही, तिचे मला नवल वाटेल. पण तिच्या म्हणण्यात एक तेढ आहे, आणि ती या साऱ्या घरच्या शिक्षणाच्या मुळाशी आहे. घरी ठेवणे म्हणजे जवळ ठेवणे. आणि वाचायला शिकविणे म्हणजे जवळ न राहण्याची कला शिकविणे. न वाचणाऱ्या मुलाला जग कळते ते आपल्या तोंडून. वाचणाऱ्या मुलाला बिस्किटाच्या पुड्यावरचे, भिंतीवरचे, एसटीच्या पाटीवरचे आणि आपण फडताळात मागे सारलेल्या पुस्तकातले सर्व कळते. ज्या दिवशी मूल ‘घर’ वाचते, त्या दिवशी ते घराबाहेर पडलेले असते. आईबापांनी अभ्यासक्रम निवडावा, जरूर निवडावा. पण तो निवडताना आपण आपला अधिकार संपविण्याचे साधन निवडतो आहोत, हे त्यांना ठाऊक असावे.

घरच्या शाळेचा आपल्या समाजातला सर्वांत मोठा दाखला पंडिता रमाबाईंचा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी तरुणपणी पुण्यास पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकविले जाताना पाहिले, आणि आपल्या बायकोलाही शिकवावयाचे मनात घेतले. घरच्यांचा आणि ज्ञातीचा विरोध झाला तेव्हा ते घाटातल्या गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. १८५८ साली रमाबाई जन्मल्या, आणि काही महिन्यांतच कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. तेव्हा त्यांच्या घरच्या शाळेला घरसुद्धा नव्हते. पहाटे, दिवसभराची चाल सुरू होण्यापूर्वी, आई लक्ष्मीबाई मुलीला पाठ देई. भागवताचे हजारो श्लोक मुलीने असे तोंडपाठ केले.

आता अभ्यासक्रमाची गोष्ट पाहा. तोही शास्त्रीबुवांनी काळजीपूर्वक निवडलेला होता. काव्य, व्याकरण, पुराणे शिकविली. वेद शिकविले नाहीत, कारण स्त्रीला तो अधिकार नाही असे ते मानीत. इंग्रजी विद्येचा वाराही लागू दिला नाही. सत्तरच्या दशकातल्या दुष्काळात आईवडील गेले. मुलगी भावाबरोबर चालत चालत कलकत्त्याला पोहोचली, १८७८ साली तेथे तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या, आणि केशवचंद्र सेनांनी तिच्या हाती वेदाची प्रत ठेवली. जे बापाने दिले नव्हते ते तिने उघडून वाचले. वाचता येत होते म्हणून वाचले; आणि वाचता येत होते ते बापामुळे. पुढे १८८३ साली इंग्लंडात ती ख्रिस्ती झाली, १८८९ साली मुंबईत तिने शारदा सदन काढले आणि टाकलेल्या स्त्रियांना घर दिले. अनंतशास्त्री हयात असते तर मुलीच्या धर्मांतराने त्यांचे काळीज फाटले असते, यात मला शंका नाही. पण त्यांनी तिला पढविले ते फुकट गेले काय? बोटाला धरून नेलेली मुलगी बोट सोडून चालू लागली. बरे की वाईट ते ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे ठरवावे. चालता आले एवढे मात्र खरे.

भाचीने हे सारे ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘म्हणजे कचरासुद्धा वाचू द्यावयाचा?’ मी म्हणालो, सहाव्या वर्षी नव्हे. पण एक फडताळ असे असावे की ज्यातली पुस्तके तू निवडलेली नाहीत. तिच्या बापाने निवडावी, आजीने, मी, तिच्या मैत्रिणीने. ज्या घरात प्रत्येक पुस्तक आईच्या चाळणीतून गेलेले आहे, त्या घरात आणि पडवीतल्या त्या बापाच्या घरात मला एका बाबतीत फरक दिसत नाही. तिला ते लागले. लागावे म्हणूनच मी बोललो होतो. नातेवाइकाला एवढा अधिकार असतो.

ती जुन्या अर्थाने घरी ठेवलेल्या मुली पुढे कोठे जातात, हे मात्र मला आमच्याच तालुक्याने दाखविले. मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे लहानसे गाव आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या कानांवर गावातल्या म्हाताऱ्या बायकांचे बोलणे आले: पोथी दुसऱ्याने वाचावयाची आणि आपण ऐकावयाची, त्यापेक्षा आपल्याला वाचता आले असते तर! त्यांनी मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टच्या मदतीने ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू केली. साठ ते नव्वद वर्षांच्या विद्यार्थिनी, गुलाबी नऊवारी हा गणवेश, खांद्याला दप्तर, दप्तरात पाटी. दुपारची कामे उरकल्यावर वर्ग भरे. शिकविणारी गावातलीच सून होती आणि तिची सासू तिच्याच वर्गात बसे.

देशविदेशांतून लोक त्यांची छायाचित्रे काढावयास आले. कौतुक झाले ते योग्यच झाले. पण मला त्या फोटोंकडे पाहताना हसू येत नसे. साठ-सत्तर वर्षांपूर्वी कोणीतरी पडवीत बसून म्हणाले होते, ‘घरीच ठेवली आहे’. ती हीच मुलगी. कडेवरचे भावंड खाली ठेवून, पुढे स्वतःची मुले आणि मग नातवंडे खाली ठेवून, ती आता पाटी घेऊन बसली होती. आणि अभ्यासक्रम तिचा तिने ठरविला होता: देवाची पोथी आणि स्वतःचे नाव. बँकेत अंगठा उठविण्याऐवजी सही करता यावी, यापेक्षा थोर ध्येय मी आजवर कोणत्याही छापील अभ्यासक्रमात पाहिलेले नाही.

घरी ठेवलेल्यांचा हिशेब असा लागतो. पण आमच्याकडे तिसरीही मुले आहेत, आणि त्यांना हे वाक्य लागूच पडत नाही. भाचीच्या जमिनीला लागून कातकऱ्यांची वाडी आहे. भात कापून झाले, दिवाळीच्या पणत्या विझल्या, की तेथली घरे बंद होतात. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडावयाची असते; माणसे, भांडी, कोंबड्या आणि पोरे ट्रकमध्ये बसतात आणि वीटभट्टीवर जातात. विधायक संसदेने पूर्वी आमच्या जिल्ह्यात भट्ट्यांवरच भोंगाशाळा चालविल्या होत्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची झोपडी. सरकारनेही निरनिराळे उपाय करून पाहिले. पण हजेरीपटावर या मुलांपुढे दिवाळीपासून जूनपर्यंत गैरहजेरीच्या खुणांची ओळ मी स्वतः वर्षानुवर्षे ओढली आहे. ती ना शाळेत, ना घरी.

त्या वाडीतली एक नऊ वर्षांची मुलगी माझ्या नातीची मैत्रीण. पावसाळाभर ती शाळेत जाते आणि दुपारनंतर भाचीच्या ओटीवर येऊन बसते. एकदा नात लाकडी अक्षरांनी शब्द लावीत होती. ‘वी’ लावली, ‘ट’ लावला आणि वाचले, ‘वीट.’ मग तिने ‘विटा’ लावले, आणि आईने वेलांटी बदलावयास सांगितली. मैत्रीण हे बघत होती. तिला वेलांटीचे काही नव्हते. साच्यात गारा कसा दाबतात, ओली वीट कशी उलटतात, ऊन कडक असले तर काय होते आणि अवकाळी पाऊस आला तर काय होते, ते तिने माझ्या नातीला सांगितले. आणि नात तोंड उघडे टाकून ऐकत राहिली. एकीला शब्द येत होता, दुसरीला वीट येत होती.

भाची मला सोडावयास फाट्यापर्यंत आली तेव्हा गप्प होती. मुरबाडची एसटी लांबून दिसली तेव्हा म्हणाली, ‘त्या फडताळाचे मी बघते.’ मी काही विचारले नाही.

परवा पुन्हा तिकडे गेलो होतो. अमेरिकेचा संच माळ्यावर गेला आहे. ओटीवर विटा आणि फळ्या लावून एक मांडणी केली आहे, तिच्यात वाडीच्या मुलांनी, आजीने आणि नातीने आणलेली पुस्तके आहेत; त्यांत मला मुळीच न आवडलेली चार आहेत. शेजारी खिळ्याला एक वही टांगलेली आहे. पुस्तक, नेणाऱ्याचे नाव, परतीची तारीख असे तीन रकाने. पहिलेच तीन आकडे त्या नऊ वर्षांच्या मुलीच्या नावावर आहेत. दिवाळी झाली की ती पुस्तके भट्टीवर जातील. परतीच्या तारखेच्या रकान्यात माझ्या नातीने आपल्या हाताने ‘म्रुग’ असे लिहिले आहे. तिच्या आईने ते अजून दुरुस्त केलेले नाही.